विनानांगरणी गहू : निम्म्या मात्रेत तण मेलं, गटातल्या सगळ्यांना तेच सांगू का?

कादवाकाठ (ता. निफाड) · ९ जानेवारी, रात्री ९.१०

रामराम मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, कारण या उत्तरावर माझ्यासोबत आणखी अकरा जणांचं रान अवलंबून आहे.

सोयाबीन काढून त्याच रानात न नांगरता गहू पेरायचं माझं हे तिसरं वर्ष. क्षेत्र ३४ गुंठे, काळी जमीन, पाटाचं पाणी. मळणीनंतर सोयाबीनचं भुसकट रानातच पसरून ठेवलं. ८ नोव्हेंबरला वाफशावर झिरो टिल यंत्राने पेरणी केली, वाण तपोवन. उगवण एकसारखी झाली. हरळी फक्त बांधाच्या कडेला आहे. चाकवत मात्र दाट होता, त्यात थोडी रानमेथी आणि गाजरगवताची रोपं.

३२व्या दिवशी मेटसल्फ्युरॉन हे रुंद पानांच्या तणाचं औषध मारलं. दुकानदाराचं सांगणं असं, की एकराला ८ ग्रॅमचं एक पाकीट आणि १५ लिटरचे दहा पंप. पाकीट १० लिटर पाण्यात विरघळवायचं आणि पंपागणिक एक लिटर द्रावण ओतायचं. मी पंपाला अर्धाच लिटर ओतलं, म्हणजे मात्रा निम्मी. आज फवारून महिना झाला. चाकवताच्या वाळून काड्या झाल्यात. शेवटचे दोन सारे सोडले तर रान स्वच्छ आहे.

हे मी पैशासाठी केलं नाही, हे औषध तसं स्वस्तच आहे. नांगर सोडल्यापासून माझ्या रानात गांडुळांचे ढिगुळे दिसायला लागलेत, पाणी भरलं की लवकर मुरतं. तीन वर्षं जपलेली ही जमीन औषधाने बिघडू नये असं फार वाटतं. पूर्वेला भावकीची द्राक्षबाग आहे, त्यामुळे टू-फोर-डी हे तणनाशक तर मी हातातही घेत नाही. वारा बागेकडे वळला की वेलीची कोवळी पानं पंख्यासारखी आक्रसतात, ते मी एकदा पाहिलंय.

आता गटातले सगळे म्हणतात, तुझं निम्म्यात भागलं तर आम्हीही निम्मंच मारतो. त्यातल्या चौघांच्या रानात गवतवर्गीय तण आहे, त्यांना क्लोडिनाफॉप हे गवत मारणारं औषध लागतं आणि ते महाग पडतं. त्यांना हो म्हणायच्या आधी इथे विचारतोय. ज्यांनी कमी मात्रा दोन-तीन वर्षं वापरून पाहिली असेल त्यांनी कृपा करून लिहा.

वाफसा (वाशीम) · ९ जानेवारी, रात्री १०.०२

दादा, गवताच्या बाबतीत हो म्हणू नका. मी ही चूक केलेली आहे.

आमच्या गव्हात जंगली ओट बाहेरून आणलेल्या बियाण्यातून आला. पहिल्या वर्षी बोटांवर मोजण्याइतकी झाडं. क्लोडिनाफॉप एकराला १६० ग्रॅम सांगितलं होतं, आम्ही ८०च मारलं. पंधरा दिवस वाटलं, काम झालं. पानं पिवळी, वाढ थांबलेली. मग पाणी दिलं आणि त्याच झाडांच्या बुडातून नवे फुटवे आले. फेब्रुवारीत गव्हाच्या वर मान काढून उभा होता तो. आम्ही सासू-सुना दोघींनी आठ दिवस उपटला, तरी निम्मं बी आधीच गळून गेलं होतं. जंगली ओट गव्हाची वाट पाहत नाही, तुमचा गहू हिरवा असतानाच त्याचा दाणा खाली पडतो.

तो दाणा एकदा हातावर घेऊन बघा. काळसर, केसाळ, त्याला गुडघ्यासारखं वाकलेलं कुसळ असतं. तळहातावर पाण्याचा एक थेंब टाकला की कुसळाचा पीळ उलगडायला लागतो आणि दाणा फिरतो. याच फिरण्याने तो भेगेत, भुसकटाखाली स्वतःला पेरून घेतो. न नांगरलेल्या रानात तर त्याला आयतीच जागा.

दुसऱ्या वर्षी पुन्हा ८० ग्रॅम. तिसऱ्या वर्षी पूर्ण १६० मारूनही काही झाडं पिवळी पडून परत हिरवी झाली. शेवटी त्या तुकड्यात दोन वर्षं हरभरा घेतला, डवरे दिले, हाताने उपटलं, तेव्हा आवरलं. ऐंशी ग्रॅमची बचत आम्हाला चार वर्षं पुरली, असं म्हणायची वेळ आली.

तणविज्ञान · १० जानेवारी, सकाळी ७.३५

मी तणविज्ञानात एम.एस्सी. केलंय आणि शेतकऱ्यांसोबतच काम करतो. कादवाकाठ, तुमच्या पोस्टमधल्या एका गोष्टीवर मी अडकलोय. मत देण्याआधी चार प्रश्न :

एकूण पंप किती लागले? नोझल कुठलं होतं, गोल फवारा पडणारं की पट्टा पडणारं? शेवटच्या दोन साऱ्यांत नेमकं काय झालं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, फवारणी संपली तेव्हा बादलीत किती द्रावण उरलं होतं?

कादवाकाठ · १० जानेवारी, दुपारी १.२०

पंप सोळा. नोझल आम्ही द्राक्षाला, टोमॅटोला कीटकनाशक मारतो तेच, गोल फवाऱ्याचं. बादलीत साधारण दोन लिटर उरलं, ते बांधावरच्या गाजरगवतावर मारून टाकलं. शेवटच्या दोन साऱ्यांना अंधार पडत आला होता, म्हणून जवळजवळ पळतच मारले. तिथे चाकवत पिवळा पडला, पण मेला नाही, आता शेंड्याला फूल धरतोय.

तणविज्ञान · १० जानेवारी, दुपारी २.०५

आता हिशोब मांडू. पाकीट ८ ग्रॅम, पाणी १० लिटर, म्हणजे लिटरमागे ०.८ ग्रॅम. तुम्ही सोळा पंपांना अर्धा-अर्धा लिटर ओतलंत, एकूण ८ लिटर. म्हणजे ६.४ ग्रॅम औषध रानात गेलं.

रान किती? ३४ गुंठे. एकर ४० गुंठ्यांचा. ३४ गुंठ्यांना पूर्ण मात्रा होते ६.८ ग्रॅम.

तुम्ही ६.८च्या जागी ६.४ मारलंत. ही निम्मी मात्रा नव्हे दादा, ही जवळजवळ पूर्ण मात्रा आहे. खरोखर निम्मं मारलं असतं तर ३.४ ग्रॅम गेलं असतं आणि बादलीत दोनऐवजी पावणेसहा लिटर उरलं असतं. बादलीने तेव्हाच सांगितलं होतं.

दहा पंपांच्या हिशोबाने औषध ठरवलं आणि सोळा पंप मारले, तेही एकरापेक्षा कमी रानात, म्हणून निम्मं पूर्ण झालं. आणि जिथे तुम्ही पळालात, त्या दोन साऱ्यांतच काय ती खरी निम्मी मात्रा पडली. तिथे काय झालं ते तुम्हीच लिहिलंय : पिवळा पडला, मेला नाही, फूल धरतोय.

कादवाकाठ · १० जानेवारी, रात्री ८.४५

दोन वेळा कागदावर मांडलं, मुलाकडून तपासून घेतलं. बरोबर आहे तुमचं. तीन वर्षं मी लोकांना सांगत होतो की माझं निम्म्यात भागतं. मनाला लागलं हे. बरं झालं गटाला अजून हो म्हटलं नाही.

करनालहून · १० जानेवारी, रात्री ११.३०

मूळचा सांगलीचा, बारा वर्षं हरियाणात बियाण्याच्या कामात आहे. धागा वाचून राहवलं नाही. विनानांगरणी गहू आणि तणनाशकाची मात्रा या विषयाचा सगळा इतिहास मी ज्या गावांतून रोज जातो तिथे घडलेला आहे, म्हणून लांबलचक लिहितो.

इथलं तण म्हणजे मंडूसी. पंजाबात गुल्लीडंडा म्हणतात, पूर्वेकडे काही जण ‘गेहूं का मामा’. लहानपणी ते हुबेहूब गव्हासारखं दिसतं. नवख्याने खुरपं घेतलं तर गहूच उपटेल. ओळखायची खूण बुडाशी : मंडूसीचं खोड जमिनीलगत लालसर असतं, गव्हाचं नसतं. इथल्या बायका वाकून आधी बूड बघतात, मग उपटतात.

हिच्यासाठी आयसोप्रोट्युरॉन नावाचं औषध १९८०च्या दशकात घरोघरी पोचलं. स्वस्त आणि गुणकारी. भात-गहू, भात-गहू, दुसरं पीक नाही, आणि दरवर्षी तेच एक औषध. बरेच जण ते वाळूत किंवा युरियात मिसळून हाताने फेकायचे. कुठे ओंजळभर पडायचं, कुठे चिमूटभर. कुणी उशिरा मारायचा, कुणी कमी. दहा-पंधरा वर्षं असं चाललं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हिसारच्या कृषी विद्यापीठातल्या आर. के. मलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की मंडूसी आता या औषधाला दाद देत नाही. १९९३-९४च्या हंगामात कित्येकांनी उभा गहू जनावरांना हिरवा चारा म्हणून कापला, कारण रानात गहू कमी आणि मंडूसी जास्त होती. त्या काळातले म्हातारे आजही तो हंगाम सांगताना आवाज खाली आणतात.

आता यातली विनानांगरणीची बाजू. झिरो टिल इथे डिझेल वाचवायला आलं हे खरं, पण ते पसरायला मंडूसीने मोठा हातभार लावला. न्यूझीलंडहून आलेल्या उलट्या ‘टी’च्या फाळावरून पंतनगरच्या विद्यापीठात आपल्याकडचं पेरणी यंत्र तयार झालं होतं. ते हरियाणात आलं आणि लोकांच्या लक्षात आलं की न नांगरलेल्या रानात मंडूसी कमी उगवते. तिचं बी बारीक असतं, नांगरट-फणणी झाली की खालचं बी वर येतं आणि उगवतं. माती हललीच नाही तर खालचं बी खालीच राहतं. दुसरं म्हणजे नांगरटीचे दिवस वाचतात, त्यामुळे ऑक्टोबरच्या अखेरीला पेरता येतं. मंडूसीला उगवायला गारवा लागतो. गारवा पडेपर्यंत गहू वीतभर पुढे निघून गेलेला असतो. त्यावर हॅपी सीडर यंत्राने भाताच्या पेंढ्यातच पेरलं तर पेंढ्याचं पांघरूण आणखी दाबून धरतं.

म्हणजे तणनाशक कमी लागावं अशी सगळी परिस्थिती विनानांगरणीने आयती दिली होती. पण १९९७-९८च्या सुमारास क्लोडिनाफॉप, फेनॉक्साप्रॉप, सल्फोसल्फ्युरॉन ही नवी औषधं आली, आणि जुनीच सवय त्यांनाही लागू झाली. दरवर्षी तेच, मिळेल त्या नोझलने, अंदाजाने. आज इथे अशी रानं आहेत जिथे या औषधांनाही मंडूसी जुमानत नाही.

माझं सांगणं एवढंच, की विनानांगरणीमुळे फवारण्या कमी झाल्या तर तो तुमचा हक्काचा फायदा आहे, तो घ्या. पण जी फवारणी कराल ती पुरती करा.

जुनी तिफण (संगमनेर) · ११ जानेवारी, सकाळी ६.५०

वय एकाहत्तर. आमच्या उमेदीत गव्हाला औषध मारणं कुणाला माहीत नव्हतं. दोन खुरपण्या, आणि निघालेलं तण गाईच्या दावणीला. चाकवताची कोवळी पानं तर बायका भाजीला नेत. आज खुरपायला माणूस मिळत नाही हे मला कळतं, माझाच मुलगा पंप पाठीला लावतो. तरी विचारतो, मात्रेवरच सगळी चर्चा कशाला? तण उगवूच नये यासाठी काय केलं ते कुणी लिहीत नाही.

मी केलेलं सांगतो. वेळेवरच्या पेरणीत ओळी २० सेंटीमीटरवर ठेवतो, त्याहून विरळ नाही. बियाणं एकराला ४० ते ५० किलो. घरचं असेल तर मोड आणून, उगवण मोजून घेतो. तीनशे दाण्यांतले किती उगवले ते कळल्याशिवाय यंत्रात बी टाकत नाही. विरळ गव्हात तण माजतं, दाट गव्हाच्या सावलीत चाकवत पिवळाच राहतो. पहिलं पाणी मुकुटमुळं फुटताना, १८ ते २१ दिवसांत. ते चुकलं की फुटवे कमी, आणि उघडी पडलेली जागा तणाला मिळते. आणि पाटाचं पाणी आत घेताना तोंडाशी जुनं मच्छरदाणीचं कापड लावतो. त्यात काय काय बी अडकतं ते एकदा बघा, डोळे उघडतील.

एक गोष्ट नांगराच्या बाजूनेही सांगतो, कारण ती खरी आहे. हरळी, लव्हाळा, कुंदा ही गड्ड्यांची आणि काशांची तणं नांगर सोडला की हळूहळू पसरतात. ती तुमच्या मेटसल्फ्युरॉनने जात नाहीत. तुमची बांधाकडची हरळी आज चार हात आहे, आजच कुदळीने काशांसकट काढा.

गादीवाफा (कर्जत) · ११ जानेवारी, सकाळी १०.१५

आमच्याकडे गहू नाही, भात. पण नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा पद्धतीने कायमच्या गादीवाफ्यांवर विनानांगरणी करतोय. तिफणकाका, हरळीचं म्हणणं शंभर टक्के पटलं.

प्रश्न असा : पेरणीआधी उगवून आलेलं तण असतं ते तुम्ही गव्हात कसं मारता? ग्लायफोसेट?

तणविज्ञान · ११ जानेवारी, दुपारी १२.४०

गादीवाफा, ग्लायफोसेटबद्दल सावध राहा. ऑक्टोबर २०२२मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्याचा वापर फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फतच करता येईल असं ठरवलं. इथे कुणाला आकडे देऊन मी ते सुचवणार नाही. पॅराक्वाट या तणनाशकाचं नावही कुणीतरी काढेलच म्हणून आधीच लिहितो : त्याला उतारा नाही. थोडं जरी पोटात गेलं तरी माणूस बहुधा हाती लागत नाही. २०१७ साली यवतमाळमध्ये कापसावर फवारताना विषबाधेने माणसं गेली, ती औषधं वेगळी होती, पण आपल्या घरात पंप आणि बाटल्या कशा ठेवल्या जातात ते आपल्याला माहीत आहे.

निफाडच्या रानात याची गरजही नसावी. सोयाबीनचं रान वेळेवर स्वच्छ निघालं असेल तर पेरणीच्या दिवशी उभं तण थोडंच असतं, ते खुरप्याने निघतं. तिफणकाकांनी लिहिलेलं सगळं मी पाठ करून ठेवावं असं आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. ‘कमी मात्रेत तण मरतंच नाही’ असं मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. चाकवत दोन-तीन पानांवर आहे, जमिनीत ओल आहे, ऊन आहे, नोझल बरोबर आहे, सोबतचं चिकटद्रव्य टाकलंय, गहू दाट आहे, असं सगळं जुळलं तर पाऊण मात्रेतही तो मरतो. लेबलवरची मात्रा ठरवताना वाईट दिवसही धरलेला असतो : थोडं मोठं झालेलं तण, कोरडी जमीन, ढगाळ हवा. अडचण अशी की फवारताना आजचा दिवस यातला कुठला ते आपल्याला नक्की कळत नाही, आणि चुकलं तर जे झाड वाचतं ते बी धरतं. चाकवताचं एक मोठं झाड हजारो बिया टाकतं. नांगरलेल्या रानात त्यातल्या बऱ्याच खोल गाडल्या जातात. विनानांगरणीत त्या सगळ्या वरच्या दोन बोटं मातीत पडून राहतात. हेच उलटं वळवलं तर फार मोठा फायदा आहे : दोन-तीन वर्षं एकही बी पडू दिलं नाही, तर वरच्या थरातलं बी उगवून, मुंग्यांनी नेऊन, कुजून कमी होत जातं, आणि खालचं वर येत नाही. मग एखाद्या वर्षी फवारणीच लागणार नाही. निम्म्या मात्रेने वाचलेली दहा झाडं हा फायदा घालवतात.

गवतासाठी मात्र पाऊणही नाही. वाशीमच्या ताईंनी लिहिलंय तेच. क्लोडिनाफॉप घ्याल तर त्यात टू-फोर-डी मिसळू नका, गवतावरचा परिणाम कमी होतो.

पर्थकर · ११ जानेवारी, संध्याकाळी ५.५५

पश्चिम ऑस्ट्रेलियात गव्हाच्या पट्ट्यात काम करतो, मूळ गाव बारामतीजवळ. इथे बहुतेक रान विनानांगरणीचंच, आणि रायग्रास नावाचं गवत हे इथलं सगळ्यात मोठं दुखणं.

याच प्रश्नावर इथल्या विद्यापीठातल्या पॉल नेव्ह आणि स्टीफन पॉवल्स यांनी प्रयोग केला होता, २००५ साली प्रसिद्ध झाला. औषधाला नीट मरणारं रायग्रास घेतलं, त्यावर डायक्लोफॉपची कमी मात्रा मारली, जी झाडं वाचली त्यांचं आपसात परागीभवन होऊ दिलं, बी पेरलं, पुन्हा मारलं. तिसऱ्या पिढीपर्यंत पूर्ण मात्रेलाही टिकणारं गवत तयार झालं. कारण सोपं आहे. पूर्ण मात्रेत थोडीशी काटक झाडंही मरतात. कमी मात्रेत ती वाचतात, आणि एकमेकांशी संकर होऊन त्यांचा थोडा-थोडा काटकपणा मुलांत साठत जातो. डायक्लोफॉप आणि तुमचं क्लोडिनाफॉप एकाच जातकुळीची औषधं आहेत, म्हणून लिहिलं.

इथे आता लोक कापणीच्या वेळी हार्वेस्टरमधून निघणारा भुसा आणि त्यातलं तणाचं बी एका ओळीत टाकतात किंवा चिरडतात. आपल्याकडे मळणी यंत्राच्या तोंडाशी पडणारी चाळण परत रानात फेकली जाते, ती एका जागी गोळा केली तरी पुष्कळ होईल.

वाफसा · ११ जानेवारी, रात्री ९.२०

कादवाकाठ दादा, एक राहिलंच. मेटसल्फ्युरॉन मारलेला पंप कसा धुतला? आम्ही नुसता विसळला आणि दुसऱ्या दिवशी त्याच पंपाने हरभऱ्याला कीटकनाशक मारलं. आठ दिवसांत हरभऱ्याचे शेंडे पिवळे पडून वाढ खुंटली. एकराला आठ ग्रॅम पुरतं ते औषध, पंपाच्या नळीत चिकटलेलं चिमूटभरही हरभऱ्याला, टोमॅटोला भारी पडतं. तीनदा धुवायचं, नळी आणि गाळणीसकट, मधल्या वेळी कपडे धुण्याची पावडर टाकून. शक्य असेल तर तणनाशकाचा पंपच वेगळा ठेवा.

आणि फवारलेल्या रानातला चाकवत भाजीला कुणी नेत नाही ना, ते बघा. आमच्याकडे शेजारच्या आजी खुडायला आल्या होत्या, वेळेवर दिसल्या.

कादवाकाठ · १२ जानेवारी, सकाळी ८.१०

पंप दोनदा धुतला होता, साध्या पाण्याने. आज पावडर टाकून पुन्हा धुतो आणि एक जुना पंप रंगाने खूण करून तणनाशकालाच ठेवतो.

एक शंका आहे. माझी मूळ काळजी जमिनीची होती, तिचं उत्तर राहिलं. पूर्ण मात्रा मारत राहिलो तर गांडुळांचं, पुढच्या पिकाचं काय?

तणविज्ञान · १२ जानेवारी, दुपारी १.००

काळजी रास्त आहे, आणि तिचं उत्तर नोझलमध्ये आहे. मेटसल्फ्युरॉनच्या जातकुळीतली औषधं आपल्या काळ्या, सामू जास्त असलेल्या जमिनीत हळू विघटित होतात. म्हणूनच सल्फोसल्फ्युरॉन मारलेल्या रानात नंतर लगेच ज्वारी किंवा मका घेऊ नये असं सांगतात. धोका होतो तो एका जागी दुप्पट पडल्यावर. गोल फवाऱ्याच्या नोझलने हात हलवत मारताना सगळीकडे सारखं पडत नाही. ३४ गुंठ्यांत सरासरी बरोबर आली तरी कुठे दीडपट, कुठे अर्धी. जमिनीला जपायचं असेल तर पट्ट्याचं नोझल घ्या, हात न हलवता सरळ रेषेत एका चालीने चाला, आणि आधी साध्या पाण्याने एक गुंठा मारून किती पाणी लागतं ते मोजा. गुंठ्याचं पाणी गुणिले चाळीस म्हणजे एकराचं पाणी. त्याला १५ने भागा, पंप निघतील. पाकीट तेवढ्या पंपांत वाटा.

जिथे तणच नाही तिथे मारू नका, ही खरी बचत. तुमच्या ३४ गुंठ्यांत पुढच्या वर्षी चाकवत फक्त त्या दोन साऱ्यांत उगवला तर फवारणी दोन साऱ्यांचीच.

कादवाकाठ · १८ जानेवारी, संध्याकाळी ७.४०

रविवारी सगळ्यांना पंप घेऊन रानात बोलावलं. एक गुंठा दोरीने आखला, साधं पाणी भरलं.

माझा जुना पंप, जुनं नोझल : गुंठ्याला ७ लिटर. म्हणजे एकराला २८० लिटर, जवळजवळ एकोणीस पंप, आणि मी तीन वर्षं दहाचा हिशोब धरत होतो. पट्ट्याचं नोझल लावून, पावलं मोजत चाललो तर ४ लिटर. एकराला १६० लिटर, म्हणजे साडेदहा-अकरा पंप. माझ्या ३४ गुंठ्यांना नऊ पंप आणि ६.८ ग्रॅम. हे आता पंपाच्या टाकीवर रंगानेच लिहून ठेवलंय.

बारा जणांचे बारा आकडे आले. सगळ्यात कमी साडेतीन लिटर, तो पोरगा झपझप चालतो. सगळ्यात जास्त आठ. दोघांचेही एकराला दहाच पंप ठरलेले. म्हणजे पंपामागे औषध मात्र दोघे सारखंच ओतणार होते. क्लोडिनाफॉपवाल्या चौघांनी पूर्ण १६० ग्रॅम मारायचं कबूल केलं, त्यातले दोघे पुढच्या रब्बीत तो तुकडा हरभऱ्याला देणार आहेत. पट्ट्याची नोझलं सगळ्यांसाठी एकदम मागवली.

बांधाकडची हरळी मी आणि मुलाने काढली, कुदळीने हातभर खोल. तिफणकाका, काशा वाळवून जाळल्या, परत रानात पडू दिल्या नाहीत. त्या दोन साऱ्यांतला चाकवतही उपटला, एकशे बारा झाडं निघाली. काहींच्या शेंड्याला दाणे धरले होते, बोटाने चोळून पाहिलं, अजून हिरवे आणि मऊ होते. पोत्यात भरून रानाबाहेर नेली.

जुनी तिफण · १९ जानेवारी, सकाळी ६.३०

बरं केलंस बाळा. पंधरा दिवसांनी त्याच दोन साऱ्यांत परत एकदा फिर. मागाहून उगवलेला गव्हाखाली लपलेला असतो, बसून बघितल्याशिवाय दिसत नाही.

कादवाकाठ · १९ जानेवारी, सकाळी ७.०५

फिरतो काका. २ फेब्रुवारीला पाण्याची पाळी आहे, त्याच्या आदल्या दिवशीच.